एसटीपीच्या पाण्यातला अमोनिया कमी कसा करायचा: ठाणे-नवी मुंबईतून नेहमी येणारे प्रश्न

सोसायटीच्या कमिटीवाल्यांकडून, एसटीपी (सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट) चालवणाऱ्या ऑपरेटर मुलांकडून आणि टीटीसी म्हणजे ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एमआयडीसीतल्या छोट्या युनिटवाल्यांकडून अमोनियाबद्दल जे परत परत विचारलं जातं ते सगळं इथे एकत्र लिहिलंय. क्रम काही खास नाही, जे जास्त विचारतात ते आधी घेतलंय.

आमचा बीओडी (पाण्यातली सडणारी घाण) पास, टीएसएस (तरंगणारे कण) पास, पाणी पण काचेसारखं स्वच्छ दिसतं, मग अमोनियातच का फेल?

कारण बीओडी खाणारे जिवाणू वेगळे आणि अमोनिया खाणारे वेगळे. बीओडीवाले भराभर वाढतात, थोडी हवा मिळाली तरी काम चालवून नेतात. अमोनियावाले, म्हणजे नायट्रिफायर, फार सावकाश वाढतात, त्यांना हवा जास्त लागते, पीएच जरा खाली गेला की थांबतात आणि गाळ जास्त काढला की गाळाबरोबर वाहून जातात. शिवाय टँकमध्ये बीओडी भरपूर असेल तोपर्यंत त्यांना जागाच मिळत नाही, आधी बीओडी उतरतो आणि मग अमोनिया उतरायला लागतो. म्हणून अर्धवट चालणारा प्लांट बीओडीत पास होतो आणि अमोनियात पकडला जातो. अमोनिया पाण्यात पूर्ण विरघळलेला असतो, त्यामुळे पाणी कितीही स्वच्छ दिसलं तरी त्यावरून काही कळत नाही आणि सँड फिल्टर, कार्बन फिल्टर, यूव्ही यातलं काहीच त्याला अडवत नाही.

पण सोसायटीत अमोनिया येतो कुठून, कोणी केमिकल तर वापरत नाही?

लघवीतून. सांडपाण्यातल्या नायट्रोजनचा साधारण ८० टक्के भाग लघवीतून येतो आणि ती एकूण पाण्याच्या एक टक्का पण नसते. त्यातला युरिया पाइपमधून आणि चेंबरमधून जाताजाताच जिवाणूंमुळे फुटतो आणि त्याचा अमोनिया होतो. घरगुती सांडपाण्यात २० ते ५० मिलिग्रॅम प्रति लिटर हे अगदी नॉर्मल आहे. पाणी कमी वापरणाऱ्या सोसायटीत आकडा वरच्या बाजूला असतो, त्यात कोणाची चूक नाही.

लिमिट नक्की किती, कोणी ५० सांगतं कोणी ५?

दोन्ही ऐकायला येतात कारण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या जातात. पर्यावरण संरक्षण नियमांमधल्या सर्वसाधारण डिस्चार्ज स्टँडर्डमध्ये अमोनियाकल नायट्रोजन ५० आणि फ्री अमोनिया (त्यातला वायूरूपातला भाग) ५ मिलिग्रॅम आहे, कंपन्यांना बहुतेक हे लागू होतं. सांडपाण्याच्या एसटीपींसाठी राष्ट्रीय हरित लवादाने ३० एप्रिल २०१९ च्या आदेशात बीओडी १०, टीएसएस २० आणि एकूण नायट्रोजन १० असे कडक आकडे धरले. एकूण नायट्रोजन १० म्हणजे अमोनिया, नायट्रेट, सेंद्रिय सगळं मिळून १०, हे नीट लक्षात घ्या. तुमच्यासाठी खरा आकडा तुमच्या एमपीसीबीच्या (महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या) कन्सेंटवर, म्हणजे परवानगीपत्रावर छापलेला असतो. तो कागद कमिटीच्या कपाटात कुठेतरी असतो, काढून वाचा, आणि एक झेरॉक्स ऑपरेटरच्या टेबलावर पण ठेवा कारण त्याला ते कोणी सांगितलेलंच नसतं.

ब्लोअर (टँकमध्ये हवा मारणारे) २४ तास चालू आहेत, डिफ्यूझर (हवेचे बुडबुडे सोडणारे) पण नवीन टाकले, तरी अमोनिया उतरत नाही, आता काय?

आता अल्कलिनिटी तपासा. ठाणे-नवी मुंबईत सगळ्यात जास्त वेळा घोडं इथेच अडतं आणि रिपोर्टमध्ये ही टेस्ट बहुतेक वेळा मागितलेलीच नसते.

नायट्रिफायर अमोनियाचं नायट्रेट करतात तेव्हा आम्ल तयार होतं. ते आम्ल पचवायला पाण्यात क्षार शिल्लक लागतात, त्यालाच अल्कलिनिटी म्हणायचं. बँकेतल्या बॅलन्ससारखं आहे, बॅलन्स आहे तोपर्यंत पीएच हलत नाही आणि बॅलन्स संपला की एकदम कोसळतो. हिशोब ठरलेला आहे, १ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनला ७.१४ मिलिग्रॅम अल्कलिनिटी खर्च होते. म्हणजे ४० चा अमोनिया २ वर आणायचा तर ३८ गुणिले ७.१४, सुमारे २७० मिलिग्रॅम. आता आपलं पाणी बघा. मोरबे असो, भातसा असो, उल्हास असो, सह्याद्रीच्या पावसाचं पाणी, मुळातच मृदू, त्यात क्षार कमी. वापरानंतर त्यात थोडी अल्कलिनिटी वाढते पण २७० ला पुरेल एवढी बऱ्याच ठिकाणी नसते. मग काय होतं, अर्धा अमोनिया जातो, पीएच ६.५ च्या खाली उतरतो, जिवाणू थांबतात, आणि सगळे ब्लोअरवाल्याला फोन करतात.

घोडबंदर रोडच्या ज्या सोसायट्या उन्हाळ्यात बोअरवेल आणि टँकरवर चालतात तिथे हे उलटं पण दिसू शकतं, बोअरचं पाणी जड असतं म्हणून उन्हाळ्यात रिपोर्ट चांगला येतो आणि पावसाळ्यात धरणाचं पाणी भरपूर सुरू झालं, चेंबरमधून पावसाचं पाणी पण घुसलं, की त्याच प्लांटचा अमोनिया वर जातो. प्लांटमध्ये काहीच बदललेलं नसतं.

उपाय साधा आहे. आउटलेटला अल्कलिनिटी ७० ते १०० शिल्लक राहिली पाहिजे. कमी पडत असेल तर खायचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट टाकायचा, गोण्यांमध्ये मिळतो. १०० केएलडीचा, म्हणजे रोज एक लाख लिटरचा प्लांट आणि ६० मिलिग्रॅमची तूट धरली तर रोज साधारण १० किलो. एकदम ओतू नका, पाण्यात कालवून डोसिंग पंपाने दिवसभर सोडा. सोडा अ‍ॅश स्वस्त पडतो आणि कमी लागतो पण हात चुकला तर पीएच उडतो. चुना सगळ्यात स्वस्त, पण लाइनमध्ये आणि डिफ्यूझरवर थर बसतो म्हणून छोट्या प्लांटला मी सांगत नाही.

रात्री ब्लोअर बंद ठेवला तर चालेल का? लाइट बिल फार येतं आणि खालच्या मजल्यावरचे आवाजाची तक्रार करतात.

सलग सहा-सात तास बंद, हे नाही चालणार. जिवाणू लगेच मरत नाहीत पण रात्री उशिरा आणि पहाटे जे पाणी येतं ते तसंच पुढे सरकतं, आणि टँक सडायला लागला की सकाळी वास सुटतो तो वेगळाच. १ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनला ४.५७ मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो. १०० केएलडीला ३८ मिलिग्रॅम काढायचे म्हणजे रोज १७ किलोपेक्षा जास्त ऑक्सिजन नुसता अमोनियासाठी, बीओडीचे २५-३० किलो वेगळे. बरेच जुने प्लांट फक्त बीओडीचा हिशोब धरून बांधलेत, त्यांचा ब्लोअर २४ तास चालला तरी मुळात छोटा आहे, त्यात रात्री बंद म्हणजे विषयच संपला.

बिल खरंच जास्त आहे हे मान्य, पण ते कमी करायचे दुसरे रस्ते आहेत. ब्लोअरला व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र) बसवा आणि डीओ म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन बघून स्पीड कमी करा. साध्या अ‍ॅक्टिव्हेटेड स्लज टँकमध्ये डीओ २ च्या आसपास पुरतो, एमबीबीआरमध्ये (जिथे जिवाणू प्लास्टिकच्या तुकड्यांवर, म्हणजे मीडियावर वाढतात) ३-४ लागतो कारण मीडियावरच्या थराच्या आतपर्यंत हवा पोचायला पाहिजे. फाटलेले डिफ्यूझर बदला, एका कोपऱ्यात मोठे बुडबुडे उकळल्यासारखे दिसत असतील तर तुमची वीज तिथे चाललीय. आवाजासाठी ब्लोअरखाली रबर पॅड आणि वर अकूस्टिक हूड, एकदाच खर्च होतो. आणि मीटरशिवाय ब्लोअर चालू-बंद ठरवू नका, हातात धरायचा डीओ मीटर सोसायटीने घेऊन ठेवावा.

मग हायपो (क्लोरीनचं द्रावण) वाढवला तर? क्लोरीन अमोनियाला मारतो असं ऐकलंय.

रसायनशास्त्र बरोबर आहे, त्याला ब्रेकपॉइंट क्लोरिनेशन म्हणतात. पण कागदावर १ भाग अमोनिया-नायट्रोजनला ७.६ भाग क्लोरीन लागतो आणि प्रत्यक्षात ८ ते १०. २५ मिलिग्रॅम अमोनिया, १०० केएलडी, म्हणजे रोज २० किलो क्लोरीन, म्हणजे १० टक्क्यांचा हायपो घेतला तर रोज २०० किलो. कुठली सोसायटी आणणार? तेवढं टाकलं तर पाण्यात मीठ वाढतं, पीएच घसरतो, आणि क्लोरीन-अमोनियापासून बनणाऱ्या क्लोरामाइनचा स्विमिंग पूलसारखा डोळे चुरचुरवणारा वास फ्लशमधून घरोघरी जातो. शेवटचा १-२ मिलिग्रॅम घालवायला ब्रेकपॉइंट ठीक, त्याच्या वर नाही.

याच कारणाने अमोनिया जास्त असलेल्या प्लांटमध्ये हायपो टाकून टाकून पण फ्री क्लोरीन शून्य दाखवतो आणि फ्लशच्या पाण्यात कोलिफॉर्म (मैल्यातले जिवाणू) सापडतात. अर्धवट नायट्रिफिकेशन झालं असेल तर नायट्राइट, म्हणजे अमोनिया आणि नायट्रेटमधली पायरी, साठतो, तो पण क्लोरीन खातो, १ मिलिग्रॅम नायट्राइट-नायट्रोजनला ५ मिलिग्रॅम. हायपोचा खप अचानक वाढला तर कारण आधी टँकमध्ये शोधा.

बॅक्टेरिया पावडर, कल्चरचे डबे, घ्यावे का?

अमोनियासाठी घेऊ नका असं मी स्पष्ट सांगतो. बहुतेक पावडरमध्ये बॅसिलस जातीचे जिवाणू असतात कारण ते कोरडे करून टिकतात, पण ते कार्बन खातात, अमोनियाचं नायट्रेट करत नाहीत. नायट्रोसोमोनास आणि नायट्रोस्पायरासारखे खरे नायट्रिफायर पुडीत वर्षभर टिकवणं अवघड आहे. त्यापेक्षा जवळच्या चांगल्या चालणाऱ्या एसटीपीचा ताजा गाळ टँकरने आणा. नवी मुंबईत महापालिकेचे एसबीआर पद्धतीचे (एकाच टँकमध्ये आळीपाळीने हवा मारायची आणि गाळ बसू द्यायचा) मोठे प्लांट आहेत, नेरूळचा १०० एमएलडीचा, म्हणजे रोज १० कोटी लिटरचा, अशा ठिकाणी नायट्रिफायर गाळात आधीच असतात, रीतसर अर्ज करून विचारायला हरकत नाही. बाहेरचा गाळ नाही मिळाला तरी आपल्या हवेत तीन-चार आठवड्यांत, कधी सहा, जिवाणू आपोआप वाढतात. आपल्याकडे थंडीतही सांडपाणी फार गार होत नाही, हा मोठा फायदा आहे, युरोपातल्या प्लांटवाल्यांना हिवाळ्यात यासाठी झगडावं लागतं. फक्त त्या दिवसांत गाळ काढायची घाई करू नका. टँकमध्ये समजा २५० किलो गाळ आहे आणि रोज २५ किलो काढता तर गाळाचं वय १० दिवस, एवढं असू द्या. ४-५ दिवसांच्या खाली गेलात की नायट्रिफायर निघून जातात.

टॉयलेटचं फ्लशचं पाणी घाण वास मारतं, तो अमोनियाच ना?

बहुतेक वेळा नाही. सडक्या अंड्यासारखा वास म्हणजे हायड्रोजन सल्फाइड, हवा कमी पडल्याचं लक्षण. अमोनियाचा वास नाकात झोंबणारा असतो आणि पीएच ७ च्या आसपास तो पाण्यातून जवळजवळ बाहेर पडतच नाही.

हायड्रोजन सल्फाइडवरून एक सांगायचंच आहे. वास येतो, गाळ साठलाय, म्हणून कोणाला टँकमध्ये उतरवू नका. दोन मिनिटांचं काम असलं तरी नाही, तोंडाला रुमाल बांधून तर नाहीच. हा वायू जास्त प्रमाणात असला की नाकाला वास येणंच बंद होतं आणि माणूस कोसळतो, त्याला वाचवायला उतरलेला दुसरा पण जातो. २०१३ च्या कायद्याने असं काम करून घेणं गुन्हा आहे. सक्शन टँकर बोलवा.

सेटलिंग टँकमध्ये गाळाचे गठ्ठे बुडबुड्यांसकट वर येतात, प्लांट बिघडला का?

उलट नायट्रिफिकेशन चांगलं चाललंय. तयार झालेला नायट्रेट तळाच्या गाळात हवेशिवाय नायट्रोजन वायू बनतो आणि गाळ उचलतो. गाळाचा परतीचा पंप जास्त वेळ चालवा, तळात गाळ साठू देऊ नका.

म्हणजे अमोनियाचं नायट्रेट झालं की काम संपलं?

फक्त अमोनियाची लिमिट असेल तर हो. एकूण नायट्रोजन १० असेल तर नाही, कारण नायट्रोजन गेला कुठेच नाही, फक्त रूप बदललं. त्याला वायू करून हवेत सोडायला एअरेशनच्या आधी एक बिनहवेचा टँक लागतो, अ‍ॅनॉक्सिक म्हणतात, तिथे नुसतं ढवळायचं. एअरेशनमधलं नायट्रेटवालं पाणी पंपाने परत तिथे आणायचं, तिथले जिवाणू येणाऱ्या मैल्यातला कार्बन खातात आणि श्वासाला नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरतात. गाळाच्या परतीसकट एकूण तिप्पट पाणी फिरवलं तर साधारण ७५ टक्के नायट्रेट जातो.

हा टँक मला फार महत्त्वाचा वाटतो, त्याचं कारण नियमापेक्षा वेगळं आहे. वर जी अल्कलिनिटी खर्च झाली त्यातली जवळजवळ अर्धी इथे परत मिळते, १ मिलिग्रॅम नायट्रेट-नायट्रोजनला ३.५७. ऑक्सिजनचा पण मोठा हिस्सा वाचतो, १ मिलिग्रॅमला २.८६. म्हणजे आपल्या मृदू पाण्यात सोड्याच्या गोण्या आणि ब्लोअरचं बिल दोन्ही कमी होतं. नवीन प्लांट बांधताना बिल्डर जागा वाचवायला आधी हाच टँक उडवतो, तेव्हा फ्लॅट घेणाऱ्यांनी आणि नवीन कमिट्यांनी ड्रॉइंग मागून बघावं. जुन्या प्लांटमध्ये जागा नसेल तर ब्लोअरला टायमर लावून दीड-दोन तास चालू, पाऊण-एक तास बंद असं करून बघता येतं, पण आधी डीओ आणि अमोनिया मोजून, अंदाजाने नको.

हेच पाणी बागेला घातलं तर काय बिघडतं?

बागेला फारसं काही नाही, नायट्रोजन म्हणजे खतच. ३० मिलिग्रॅमचं १०० केएलडी पाणी म्हणजे रोज ३ किलो नायट्रोजन, साडेसहा किलो युरियाइतका. पण सोसायटीच्या छोट्याशा लॉनला रोज साडेसहा किलो युरिया कोण घालेल? लॉन जळतं, उरलेलं जमिनीत मुरून बोअरमध्ये नायट्रेट वाढवतं, आणि पिण्याच्या पाण्यात नायट्रेट ४५ मिलिग्रॅमच्या वर नको असं आपलंच मानक सांगतं.

कूलिंग टॉवरला मात्र जपून. अमोनिया तांबं आणि पितळ खातो, कंडेन्सरच्या ट्यूबना तडे जातात. मॉल, आयटी पार्क, आणि आता ऐरोली-रबाळे-महापे पट्ट्यातली डेटा सेंटर, जिथे एसटीपीचं पाणी थंडाव्याला वापरायचा विचार असेल तिथे अमोनिया १ च्या खाली आणूनच वापरा.

आमचं टीटीसीमध्ये छोटं केमिकल युनिट आहे, ईटीपीला (कारखान्याच्या सांडपाण्याच्या प्लांटला) ८०० मिलिग्रॅम अमोनिया येतो. जिवाणूंवर जमेल?

थेट नाही. ८०० ला नुसती अल्कलिनिटीच ५,७०० च्या वर लागेल, आणि एवढ्या अमोनियात पीएच थोडा जरी चढला तरी फ्री अमोनिया नायट्रिफायरनाच मारतो. नायट्राइटचं नायट्रेट करणारे तर लिटरमागे १ मिलिग्रॅम फ्री अमोनियाच्या आतच दबतात, म्हणून नायट्राइट साठत जातो.

आधी बघा ८०० येतो कुठून. बहुतेक वेळा एकाच प्रोसेसचं, एकाच वॉशचं पाणी असतं आणि ते सगळ्यात मिसळून टाकलेलं असतं. ती लाइन वेगळी करा. वेगळं केलेलं थोडं पण तीव्र पाणी स्ट्रिपरला, म्हणजे हवेने अमोनिया उडवणाऱ्या टॉवरला न्या. इथे आकडे आपल्या बाजूने आहेत, ३० डिग्रीला पीएच ७ वर जेमतेम १ टक्का अमोनिया वायूरूपात असतो, ८ वर सुमारे ७, ९ वर ४५, आणि ११ वर जवळजवळ सगळाच. म्हणून कॉस्टिकने पीएच ११ करायचा, पॅकिंग भरलेल्या टॉवरवरून पाणी सोडायचं, खालून हवा. चुना स्वस्त असला तरी पॅकिंगवर बसतो. निघणारी हवा सल्फ्युरिक अ‍ॅसिडच्या स्क्रबरमधून गेलीच पाहिजे, त्यात अमोनियम सल्फेट मिळतं. उघड्या टँकमध्ये पीएच चढवून नुसती हवा मारणारे लोक आहेत, ते अमोनिया काढत नाहीत, पाण्यातून उचलून दिघा-रबाळ्यात राहणाऱ्यांच्या नाकात घालतात. हे करू नका, तिथे शाळा आहेत, लहान मुलं आहेत. स्ट्रिपिंगनंतर पीएच उतरवा, बाकीच्या पाण्यात मिसळा, मग जिवाणूंना द्या.

पाण्यात फॉस्फेट पण भरपूर असेल तर मॅग्नेशियम टाकून पीएच ९ च्या आसपास स्ट्रुव्हाइट पाडता येतं, ते सावकाश विरघळणारं खत आहे. फॉस्फेट विकत आणून करायचं असेल तर परवडत नाही.

अ‍ॅनामॉक्स, झिओलाइट, झाडांचे प्लांट, यातलं आपल्याला काय?

अ‍ॅनामॉक्स सुंदर तंत्र आहे, त्यातले जिवाणू अमोनिया आणि नायट्राइटचा थेट नायट्रोजन वायू करतात, नेदरलँड्समध्ये डेल्फ्टला सापडलं, रॉटरडॅमला २००२ मध्ये पहिला मोठा प्लांट झाला, कार्बन लागत नाही आणि हवा निम्म्याहून कमी. पण ते जिवाणू दुप्पट व्हायला दहा-बारा दिवस घेतात, गाळ पचवणाऱ्या मोठ्या प्लांटच्या गरम, तीव्र पाण्याला ते शोभतं, सोसायटीला नाही. झिओलाइट हे खनिज अमोनियम पकडतं, पण भरलं की मिठाच्या पाण्याने धुवायचं आणि त्या मिठाच्या पाण्यात परत अमोनिया आलाच. झाडांचे प्लांट, नागपूरच्या नीरीचं फायटोरिड वगैरे, शाळेला किंवा मोकळी जागा असलेल्या संस्थेला फार छान, ठाण्याच्या टॉवरला जागा कुठून आणणार.

एवढं सगळं करून फरक कुणाला पडतो? शेवटी खाडीतच जातं ना.

खाडीला फरक पडतो. ठाणे खाडी २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाली, २०२२ मध्ये रामसर यादीत (महत्त्वाच्या पाणथळ जागांची जागतिक यादी) गेली, आणि कोळी बांधव आजही तिथे जाळं टाकतात. माशांना मारतो तो फ्री अमोनिया, लिटरला ०.०५ मिलिग्रॅमच्या आसपासच कल्ल्यांना त्रास सुरू होतो. तलावात हे अजून लवकर घडतं. शेवाळ वाढलेल्या तलावात भर दुपारी पीएच ९ पर्यंत चढतो, तेव्हा २ मिलिग्रॅम एकूण अमोनियातला ०.९ विषारी रूपात असतो, तेच पाणी पीएच ७ ला असतं तर ०.०२ पण नसता. पहाटे त्याच शेवाळामुळे ऑक्सिजन तळाला जातो. मग मासे तरंगले की सगळे विचारतात कोणी विष टाकलं. उल्हास नदीवरची जलपर्णी पण याच नायट्रोजनवर आणि फॉस्फरसवर पोसते. तुमची एक सोसायटी खाडी वाचवणार नाही, पण घोडबंदरला अशा किती सोसायट्या आहेत ते मोजा.

सगळं नीट होतं आणि एका आठवड्यात अमोनिया ३ वरून ३० झाला, काय झालं असेल?

हाउसकीपिंगला विचारा. टाइल्स धुवायचं अ‍ॅसिड, फिनाइल, ब्लीचिंग, पाण्याच्या टाक्या धुतल्यावरचं क्लोरीनचं पाणी, स्विमिंग पूलचा बॅकवॉश (फिल्टर धुतल्याचं पाणी), यातलं काहीतरी एकदम ड्रेनेजला गेलेलं असतं. नायट्रिफायर सगळ्यात आधी मरतात आणि सगळ्यात शेवटी परत येतात. पूलचं पाणी एसटीपीला जोडलेलं असेल तर थेंबथेंब सोडा. बीओडी ठीक आणि एकट्या अमोनियाने उडी मारली तर हेच आधी शोधा, मग पीएच, मग डीओ.

दोन लॅबचे रिपोर्ट जुळत नाहीत, कोणाचा खरा?

बऱ्याच वेळा दोघांचे. एक लॅब नायट्रोजन म्हणून लिहिते, दुसरी अमोनिया म्हणून, दोन्हीत १.२२ पटीचा फरक. नायट्रेटमध्ये तर ४.४३ पट, १० चा आकडा ४४ दिसतो. रिपोर्टवर 'अ‍ॅज एन' (म्हणजे नायट्रोजन म्हणून) असं आहे का बघा, नसेल तर लॅबला फोन करून लिहून मागा. सॅम्पल दुपारभर बाइकच्या डिकीत फिरलं तर आकडा बदलतोच, लगेच थंड करायचं, उशीर होणार असेल तर सल्फ्युरिक अ‍ॅसिडने पीएच २ च्या खाली आणायचा, आणि हायपो पडायच्या आधीच्या पॉइंटवरून घ्यायचं. महिन्याच्या एका रिपोर्टवर प्लांट चालत नाही, अमोनिया आणि अल्कलिनिटीच्या रंग बदलणाऱ्या छोट्या किट मिळतात, ऑपरेटरला आठवड्यातून दोनदा सकाळी एकाच वेळी टेस्ट करायला शिकवा आणि आकडा डीओ-पीएचच्या शेजारी त्याच वहीत लिहून ठेवायला सांगा.